घरातल्या सगळ्यांचा एक दाताचा डॉक्टर: पहिल्या भेटीपासून पुढच्या तारखेपर्यंत

दात दुखायला लागला की आपण दवाखाना शोधायला निघतो. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, आणि त्याचं कारण दाताच्या रचनेतच आहे. दाताचं सगळ्यात बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. त्याला संवेदना नसते. कीड या कवचातून आत जात असताना काहीच कळत नाही. ती खालच्या डेंटिन नावाच्या थरापर्यंत पोचली की थंड आणि गोड लागून दात शिवशिवतो, आणि मधल्या नसेपर्यंत गेली की ठणका सुरू होतो. हिरड्यांचा आजार तर त्याहूनही गुपचूप वाढतो. दाताला धरून ठेवणारं हाड आतल्या आत झिजत राहतं आणि दात हलायला लागेपर्यंत माणसाला पत्ता नसतो.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हेच आहे की दवाखान्याची सगळ्यात उपयोगाची भेट ती, जेव्हा काहीही दुखत नसतं. त्या भेटीत छोटं सिमेंट भरून जे काम भागतं, तेच लांबलं तर रूट कॅनाल, कॅप, आणि शेवटी दात काढण्यापर्यंत जातं. घरातल्या सगळ्यांसाठी एकच डॉक्टर असण्याचा फायदाही इथेच आहे. तुमचे जुने एक्स-रे आणि हिरड्यांची मागची मापं एकाच फाइलमध्ये असली की काय बदललंय ते लगेच दिसतं. एखाद्या दाढेवरचा डाग दोन वर्षं जागच्या जागी आहे की पसरतोय, हे फक्त आज पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

दवाखाना निवडताना

फॅमिली डेंटिस्ट तपासणी, दात साफ करणं, सिमेंट, रूट कॅनाल, साध्या दाढा काढणं, कॅप, कवळी आणि लहान मुलांचे दात अशी बहुतेक कामं स्वतः करतात. हाडात अडकलेली आडवी अक्कलदाढ, वेडेवाकडे दात सरळ करणं किंवा गुंतागुंतीचं रूट कॅनाल असेल तर ते तज्ज्ञाकडे पाठवतात. "हे माझ्या हातचं नाही, अमुक तज्ज्ञाला दाखवा" असं वेळेवर सांगणारा डॉक्टर चांगला, असं मी मानते.

निवड करताना एक गोष्ट जरूर विचारा: उपकरणं निर्जंतुक कशी करता? उत्तर ऑटोक्लेव्ह हे हवं. त्यात दाबाखालच्या वाफेत उपकरणं १२१ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशाला किमान ३ मिनिटं ठेवतात. एका बाजूने कागद आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक प्लास्टिक असलेल्या सीलबंद पाकिटात ती ठेवली जातात, आणि पाकिटावरच्या छोट्या खुणेचा रंग वाफेच्या उष्णतेने बदलतो. ते पाकीट तुमच्यासमोर फाडलं गेलं पाहिजे. निळसर दिव्याच्या कपाटात ठेवणं ही केवळ साठवण झाली, त्याने उपकरणं निर्जंतुक होत नाहीत. दात कोरायचं हँडपीससुद्धा प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवं; नुसतं पुसून चालत नाही. हा प्रश्न विचारायचा संकोच करू नका. नीट काम करणाऱ्या डॉक्टरला तो विचारलेला आवडतो.

फोनवर काय सांगायचं

"दाढ दुखते" एवढंच सांगितलं की समोरच्याला अपॉइंटमेंट आज द्यायची की आठवड्याने, ते ठरवता येत नाही. दुखण्याचा स्वभाव सांगा. थंड पाणी लागलं की सणक येते आणि काही सेकंदांत जाते, असं असेल तर नस बहुधा वाचण्यासारखी असते. थंड किंवा गरम लागल्यावर कळ बराच वेळ रेंगाळते, रात्री झोपेतून उठवते, काहीही कारण नसताना ठणकते, तर नस बऱ्याचदा वाचण्यापलीकडे गेलेली असते आणि थांबणं बरं नाही. चावताना एका ठराविक जागी कळ येत असेल तर दाताला तडा असू शकतो. सूज आहे का, ताप आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, हेही सांगा.

आठवडाभर छळणारी दाढ अचानक शांत झाली, तर ती बरी झाली असं समजू नका. नस मेली की दुखणं थांबतं, पण जंतू तिथेच राहतात आणि मुळाच्या टोकाशी पू साठायला लागतो. अपॉइंटमेंट रद्द करायची सगळ्यात चुकीची वेळ हीच.

घरून निघण्याआधी: तुमच्या औषधांची यादी

लोक दाताच्या डॉक्टरला बाकीच्या आजारांबद्दल सांगत नाहीत. "दाताचा आणि बीपीचा काय संबंध?" असं त्यांना वाटतं. संबंध फार जवळचा आहे, म्हणून या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस कागदावर लिहून न्या, किंवा गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दात काढायच्या आधी त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाढ काढल्यावरचं रक्त दाब देऊन, टाके घालून थांबवता येतं. गोळी बंद केल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ते निस्तरणं अवघड. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट न्यावा, शक्यतो २४ तासांच्या आतला.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी, किंवा काही महिन्यांनी किंवा वर्षाने झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं वा डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेत असाल, तर ते आवर्जून सांगा. ही औषधं घेणाऱ्या थोड्या लोकांमध्ये दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही. हा धोका कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांना जास्त असतो. अशी औषधं सुरू होण्याआधीच दातांची सगळी कामं उरकून घेतलेली बरी. इंजेक्शन सहा महिन्यांपूर्वीचं असेल तर ते लोकांच्या लक्षातच राहत नाही, आणि रोजच्या गोळ्यांच्या यादीत ते नसतं. घरातल्या ज्येष्ठांसोबत जाताना तुम्हीच आठवण करून द्या.

मधुमेह आणि हिरड्या यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. साखर जास्त राहिली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात ठेवणं कठीण जातं. एचबीए१सीचा, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, शेवटचा आकडा सांगा. सकाळची वेळ घ्या, नेहमीचं खाणं आणि औषध घेऊन या. उपाशीपोटी खुर्चीत बसायचं नाही.

हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा हृदयाच्या आतल्या आवरणाला पूर्वी संसर्ग झाला असेल, तर काही उपचारांआधी ३० ते ६० मिनिटं अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागू शकतो. अपॉइंटमेंट घेतानाच हे सांगितलं तर फेरी वाया जात नाही. पेनिसिलिनची किंवा लॅटेक्सची (हातमोज्यांच्या रबराची) अ‍ॅलर्जी, पूर्वी भूल दिल्यावर झालेला त्रास, तोंडाच्या किंवा मानेच्या भागाला घेतलेलं रेडिएशन, हेही सुरुवातीलाच सांगा. अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचं औषध आणि फिटसाठीचं फेनिटॉइन यांनी काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. घासण्यात काही कमी नसूनही हिरड्या फुगत असतील तर कारण औषधात असू शकतं, आणि तुमच्या फिजिशियनशी बोलून ते बदलता येतं का, हे पाहता येतं.

गरोदरपणात दातांचे उपचार टाळायचे असतात, हा समज फार नुकसान करतो. सगळ्यात सोयीचा काळ चौथ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा, पण ठणका आणि पू यांसाठी कधीही जावं. गरज असेल तर दाताचा एक्स-रेही काढता येतो. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपल्यावर चक्कर येऊ शकते. तेव्हा उजव्या कमरेखाली छोटी उशी ठेवून थोडं डाव्या कुशीवर झुकायचं, म्हणजे बरं वाटतं.

खुर्चीत बसल्यावर

चांगली तपासणी दातांपासून सुरू होत नाही. डॉक्टर आधी मानेवरच्या गाठी चाचपतात, मग ओठांच्या आतली बाजू, गाल, टाळू, जिभेखालची जागा पाहतात. जीभ कापसाने धरून डावीकडे, उजवीकडे ओढून तिच्या कडा बघतात. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात ओळखण्यासाठी हे मिनिटभराचं काम फार मोलाचं आहे. तंबाखू कोणत्याही रूपात घेत असाल तर ते लपवू नका. तिथे कोणी तुम्हाला रागवायला बसलेलं नाही; कुठे जास्त बारकाईने बघायचं, ते त्यावरून ठरतं. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा असेल तर तो स्वतःहून दाखवा.

मग आकडे ऐकू येतात. डॉक्टर सांगतात आणि सहायक लिहून घेतात: "सोळा, कीड. छत्तीस, जुनं सिमेंट." पहिला आकडा तोंडाचा कोपरा सांगतो: तुमची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुसरा आकडा मधोमध असलेल्या दातापासून मागे मोजायचा. म्हणजे छत्तीस ही खालच्या डाव्या बाजूची, मधून सहावी, पहिली मोठी दाढ. हे एकदा कळलं की आपल्याबद्दल काय बोलणं चाललंय ते समजतं, आणि बिलावर किंवा रिपोर्टमध्ये भलत्याच दाताचा नंबर असेल तर तोही पकडता येतो.

त्यानंतर बारीक खुणा असलेली एक सळई दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत हलकेच सरकवली जाते. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. "दोन, तीन, दोन... दोन, तीन, पाच, रक्त." हे मिलिमीटर आहेत. एक ते तीन ठीक. चार आणि त्यापुढे खोली वाढत गेली की तिथे ब्रश पोचत नाही आणि हाड कमी होत चालल्याची शंका येते. हे आकडे मागून घ्या. पुढच्या भेटीत तो पाच तीनवर आला की सहावर गेला, यावरूनच उपचाराचा उपयोग झाला की नाही ते ठरतं.

एक्स-रेबद्दल बरेच जण धास्तावतात. तोंडात छोटी पट्टी ठेवून काढलेल्या एका एक्स-रेमधलं रेडिएशन साधारण तेवढंच असतं, जेवढं आपल्याला एका दिवसात माती, हवा आणि आकाश यांच्याकडून सहजच मिळतं. दोन दाढांच्या मधली कीड आरशाने दिसत नाही. ती शोधायला एक्स-रेच लागतो. तरीही "कशासाठी काढताय?" हे विचारणं तुमचा हक्क आहे. कारण नसताना दर भेटीला एक्स-रे नको, आणि दुसरीकडे नुकताच काढलेला असेल तर तो सोबत न्या.

उपचार ठरवताना

घाई तुमच्यावर लादली जात असेल तर थांबा. ठणका, पू आणि सूज सोडली तर बहुतेक कामांना विचार करायला काही दिवस असतात. डॉक्टरांना एक्स-रे समोर धरून दाखवायला सांगा: कीड नेमकी कुठे आहे? काहीच केलं नाही तर काय होईल? दुसरा मार्ग कोणता, आणि तो किती वर्षं टिकतो? आधी कोणतं काम करायचं आणि कोणतं थांबू शकतं? एकूण खर्च आणि किती बैठका, हे लेखी घ्या. इनॅमलपुरती असलेली कीड फ्लोराइडने आणि नीट घासण्याने थांबू शकते. प्रत्येक डाग कोरून काढायचा नसतो. मोठं काम सांगितलं असेल आणि मन मानत नसेल तर एक्स-रेची प्रत घेऊन दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. यात कुणाचा अपमान नाही.

स्केलिंगने, म्हणजे दातांवरचं कडक किटण काढल्याने, दात हलतात, फटी पडतात, असं अजूनही ठामपणे सांगणारे भेटतात. घडतं ते असं: दातांच्या मधल्या जागेत वर्षानुवर्षं कडक किटण बसलेलं असतं, त्याखाली हिरडी आणि हाड मागे सरकलेलं असतं. किटण निघालं की आधीच पडलेली फट उघडी दिसते. काही दिवस थंड पाणी झोंबतं, मग सूज उतरून हिरडी घट्ट होते.

भूल आणि भीती

ज्यांना भीती वाटते त्यांनी ती पहिल्याच वाक्यात सांगावी. डॉक्टर कामाचा वेग, विश्रांती, बोलण्याची पद्धत त्याप्रमाणे ठेवू शकतात. काम सुरू होण्याआधी एक खूण ठरवा: डावा हात वर केला की थांबायचं. थांबवता येतं हे माहीत असलं की भीती बरीच कमी होते, आणि बहुतेक वेळा हात वर करावाच लागत नाही.

भुलीच्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं. त्यामुळे मिनिट-दोन मिनिटं छातीत धडधडतं. ते बहुधा आपोआप जातं, पण जाणवलं तर लगेच सांगा. हृदयाचा विकार असेल तर ते आधीच माहीत असायला हवं. भुलीनंतरही टोचल्यासारखं दुखत असेल तर सोसू नका, आणखी भूल देता येते. दाब जाणवणं मात्र राहतं, तेवढं मनात धरून बसा. ओठ आणि गाल काही तास बधिर राहतात. तोवर जेवायचं नाही आणि गरम काही प्यायचं नाही.

दाढ काढल्यावर कापसाची गोळी ३० ते ४५ मिनिटं घट्ट चावून धरा आणि सारखी बदलून पाहू नका. पहिले २४ तास चूळ भरणं, जोरात थुंकणं, स्ट्रॉने पिणं आणि धूम्रपान नको, कारण जखमेतली रक्ताची गुठळी निघून जाते. हाड झाकून ठेवते ती हीच गुठळी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच खळखळा. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. दोन-तीन दिवसांनी ते उलट वाढून कानापर्यंत कळा जायला लागल्या तर परत जा. गुठळी गेलेली असू शकते आणि तिथे औषध भरलं की आराम पडतो. रूट कॅनाल झालेल्या दाढेवर कॅप सांगितली असेल तर ती लांबवू नका. अशी दाढ चावताना उभी चिरली तर ती वाचवणं बहुतेक वेळा शक्य होत नाही.

मुलांना नेताना

पहिला दात आला की, किंवा फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दाखवून आणा. बाळ आईच्या मांडीवर, डॉक्टर समोर, एवढीच ती भेट असते. "दुखणार नाही हं" असं घरी सांगू नका. दुखण्याचा विचार मुलाच्या मनात तिथेच येतो. "मस्ती केलीस तर दाताच्या डॉक्टरकडे नेईन" ही धमकी तर कधीच नको.

दात दिसल्यापासून फ्लोराइडची पेस्ट चालते: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. रात्री घासल्यावर फेस थुंकायचा, पण भरपूर पाण्याने चूळ भरून फ्लोराइड धुऊन टाकायचं नाही. हे मोठ्यांनाही लागू आहे.

आणि सहाव्या वर्षाकडे लक्ष ठेवा. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप येते. आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची पहिली दाढ असते, आयुष्यभर चावायचा मुख्य भार उचलणारी. तिच्या वरच्या बाजूला खोल खाचा असतात आणि त्यात ब्रशचे केस पोचत नाहीत. या खाचा सीलंटने, म्हणजे दातावर चिकटणाऱ्या पातळ लेपाने, बुजवणं हे काही मिनिटांचं, बिनदुखण्याचं काम आहे. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून किडू देऊ नयेत. दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. मुलाला भूल दिली असेल तर बधिरपणा जाईपर्यंत शेजारी बसा. मुलं बधिर ओठ गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी तो सुजून रक्ताळलेला असतो.

ताबडतोब धावायचे प्रसंग

कायमचा दात मुळासकट निघाला तर तो चावण्याच्या टोकाकडून धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने काही सेकंद धुवा, घासू नका. जमलं तर जागेवर परत बसवून रुमाल चावून धरा. नाही जमलं तर दुधात ठेवा, पाण्यात नको. अर्ध्या तासात दवाखाना गाठला तर दात वाचण्याची शक्यता बरीच असते, तास उलटला की ती झपाट्याने घटते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. हिरडीत तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते.

सुजेसोबत ताप, गिळायला त्रास, तोंड न उघडणं, जिभेखाली किंवा गळ्यावर सूज आली तर दाताच्या दवाखान्याची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. श्वास अडण्याचा धोका असतो. दुखऱ्या दाढेशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. उरलेलं अँटिबायोटिक घेऊनही दाढ बरी होत नाही; आतली घाण काढावीच लागते.

पुढची तारीख

"दर सहा महिन्यांनी" हा नियम सगळ्यांना सारखा लागू नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी हे अंतर ३ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत असू शकतं, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी जास्तीत जास्त १ वर्ष. ज्याच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, नवी कीड नाही, तो निवांत थांबू शकतो. मधुमेह, तंबाखू, कोरडं तोंड, तारा लावलेले दात, खोल फटी यांपैकी काही असेल तर तीन-चार महिन्यांनी जावं. तेव्हा निघताना डॉक्टरांना विचारा की माझ्यासाठी किती महिने, आणि का. मध्ये नवीन औषध सुरू झालं, गरोदरपण आलं किंवा मोठं ऑपरेशन ठरलं, तर त्या तारखेची वाट न पाहता फोन करून ती अलीकडे घ्या.